वायरमनचा परवाना आणि अनुभवाचा दाखला

वायरमनच्या परवान्याचा विषय निघाला की माझं डोकं अजून तापतं ते एका कागदावरून. पुस्तकं मिळाली, अभ्यास झाला, परीक्षाही झाली. पण अनुभवाच्या दाखल्यासाठी जे हेलपाटे घातले ते हातानं काम शिकलेल्या दुसऱ्या कुठल्या पोराच्या वाट्याला येऊ नयेत, म्हणून लिहितोय.

माझ्याकडं आयटीआय नाही. दहावी झाल्यावर थेट एका ठेकेदाराच्या हाताखाली लागलो. आधी झिऱ्या मारल्या, म्हणजे भिंतीत पाइपसाठी खाचा पाडल्या, पाइप गाडले, मग वायर ओढायला शिकलो, मग बोर्ड भरायला. पुढं कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत पॅनेलची कामं केली, करवीर तालुक्यात शेतीच्या मोटारींना स्टार्टर बसवले. पगार रोख, हजेरी मालकाच्या वहीत. सात-आठ वर्षं अशी गेली आणि माझ्या नावाचा एक कागद कुठं तयार झाला नाही.

कायदा मात्र कागदावर चालतो. वायरिंगचं काम घेणाऱ्या ठेकेदाराकडं लायसन हवं, देखरेख करणाऱ्याकडं पर्यवेक्षकाचं प्रमाणपत्र हवं आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्याकडं परवाना हवा. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत हा ४५ वा नियम होता, त्यांच्या जागी आलेल्या २०१० च्या विनियमांत २९ वा. म्हणजे इतकी वर्षं मी जे करत होतो त्यासाठी मला परवाना हवाच होता, आणि परवान्याच्या अर्जाला लागत होता लायसन असलेल्या ठेकेदाराचा दाखला.

दाखला मागितला तेव्हा पहिलं उत्तर आलं, "बघू, दिवाळी होऊ दे." दिवाळी झाली. मग, "लेटरहेड छापायला टाकलंय." लेटरहेड आलं तेव्हा खरं कारण बाहेर पडलं. "तू एवढी वर्षं माझ्याकडं होतास असं मी लिहून दिलं आणि उद्या तू पीएफ मागत आलास तर?" मी म्हटलं, "मालक, मला परीक्षेला बसायचंय, दुसरं काही नको." ते गप्प. ज्या माणसाची साइट मी रात्री दहापर्यंत थांबून संपवली, त्याच्या दारात सहीसाठी उभं राहायचं याचा मला फार राग आला. आजही येतो.

शेवटी एक कागद मिळाला. त्यावर एवढंच होतं: सदर इसमाने आमच्याकडे काम केले असून वर्तणूक चांगली आहे. कधीपासून कधीपर्यंत ते नाही, कसलं काम ते नाही, लायसन क्रमांक नाही. तो कागद अर्जाला चालला नाही आणि चालायलाही नको होता. वर्तणुकीच्या दाखल्यावर कुणाच्या घरातली वीज कुणाच्या हाती द्यायची?

वाट दाखवली ती आमच्या साइटवरच्या पर्यवेक्षकांनी. आम्ही त्यांना काका म्हणायचो. ते म्हणाले, "टेस्ट रिपोर्ट शोध." नवीन मीटर घेताना महावितरणला ठेकेदाराच्या सही-शिक्क्याचा टेस्ट रिपोर्ट द्यावा लागतो. त्यावर पत्ता असतो, तारीख असते, लायसन क्रमांक असतो. मग मी जुनी घरं धरून फिरलो. रुईकर कॉलनी, साने गुरुजी वसाहत, शाहूपुरी. बऱ्याच जणांनी बिलांच्या फायलीत ती प्रत नीट ठेवली होती. शाहूपुरीतल्या एका आजींनी मला दारातच ओळखलं. "तूच न्हवं का रं, पुरानंतर बोर्ड बदलायला आलेलास?" २०१९ च्या पुरात त्यांचा तळमजला पाण्यात होता.

वर्षवार यादी केली: पत्ता, काम, तारीख. ती बघून मलाच छाती भरून आली, एवढं काम या हातांनी केलंय. यादी घेऊन काकांना सोबत नेलं. दाखल्याचा मजकूर मी स्वतः टाइप करून नेला होता, त्यात सगळे तपशील होते. काका शेजारी बसले असताना मालकांना नाही म्हणता आलं नाही. सही व्हायला दोन मिनिटंही लागली नाहीत. बाहेर येऊन मी चहा घेतला आणि तो कागद लगेच लॅमिनेशनला न टाकता आधी झेरॉक्स काढल्या. लॅमिनेशन करू नका, मूळ कागद सुटा असलेला बरा.

अभ्यासाचं सांगतो. दुकानात मिळणाऱ्या गाइडांत अजून १९५६ च्या नियमांचे क्रमांक आहेत. त्यानंतर २०१० चे विनियम आले आणि आता २०२३ चे. क्रमांक घोकण्यापेक्षा नियमामागचं कारण पक्कं करा. न्यूट्रलमध्ये फ्यूज किंवा सुटा स्विच का ठेवायचा नाही? कारण तो उडाला तर दिवा विझतो, पण होल्डरमध्ये फेज जिवंत राहतो. हे एकदा कळलं की विसरत नाही.

मला तोंडी परीक्षेत मेगरवर, म्हणजे वायरिंगचं इन्सुलेशन तपासायच्या यंत्रावर विचारलं. ५०० व्होल्टचा मेगर, रीडिंग किमान १ मेगाओहम, हे सगळ्यांना पाठ असतं. पुढचा प्रश्न असा होता: दिवे लावून ठेवायचे की काढायचे? फेज आणि न्यूट्रल एकत्र बांधून अर्थशी तपासताना दिवे जागेवर आणि स्विच चालू. फेज-न्यूट्रलमध्ये तपासताना दिवे काढलेले, उपकरणं सुटी, स्विच तरीही चालू. मेन दोन्ही वेळा बंद. पुरानंतरच्या ओल्या घरांत हेच केलं होतं, त्यामुळं उत्तर तोंडातून आपोआप आलं.

मोटार आधी स्टारमध्ये सुरू करून मग डेल्टात नेणारा स्टार-डेल्टा स्टार्टर मला जोडता यायचा, पण सुरुवातीचा प्रवाह एक तृतीयांश का होतो ते सांगता यायचं नाही. स्टारमध्ये वाइंडिंगला ४१५ ऐवजी २४० च्या आसपास व्होल्ट मिळतात, म्हणून तिचा प्रवाह १.७३ पटीनं घटतो; शिवाय डेल्टात लाइनचा प्रवाह वाइंडिंगच्या १.७३ पट असतो, स्टारमध्ये तेवढाच, म्हणून दोन्ही मिळून एक तृतीयांश. टॉर्कही तेवढाच घटतो, तेव्हा लोडवर सुरू होणाऱ्या मोटारीला तो चालेलच असं नाही. अर्थिंगची मापंही विचारतात: जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची) प्लेट ६० बाय ६० सेंटिमीटर, जाडी ६.३ मिलिमीटर, पाइप असेल तर लांबी अडीच मीटर. विजेचा धक्का बसलेल्या माणसाला सोडवण्याचा क्रम तर झोपेतून उठवलं तरी सांगता यायला हवा: आधी पुरवठा बंद, मग माणसाला हात.

परवाना हातात आला त्या दिवशी आईनं तो देवापुढं ठेवला.

एक राहिलंच. दाखल्यात लिहिलेल्या सगळ्या काळात ठेकेदाराचं लायसन चालू होतं का, हे आधी बघा. मध्ये नूतनीकरण राहिलं असेल तर त्या महिन्यांवर बोट ठेवलं जाऊ शकतं. आणि आत्ता कुणाकडं कामाला असाल तर दर वर्षी मार्चमध्ये एक कागद सही करून मागा. त्या वर्षाची कामं मालकालाही आठवत असतात.