पास्ता वाट पाहत नाही

इटलीत तोरीनोला राहायला आल्यापासून नागपुरातल्या नातेवाइकांनी मला परस्पर पास्त्याचा तज्ज्ञ करून टाकलं आहे. प्रतापनगरच्या मावशीपासून महालातल्या वहिनीपर्यंत सगळ्यांची तक्रार एकच: घरी केला की गिचगोळा होतो. आणि मागच्या सुट्टीत मी स्वतः करून वाढला, तर मामांनी पहिला घास चावूनच विचारलं, "काऊन बे, गॅस संपला काय?"

दोन्ही पक्षांना फोनवर वेगवेगळं समजावण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

आधी पाकीट बघा. इटलीत 1967 पासून कायदाच आहे, तिथे बनणारा सुका पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचाच हवा. हा कडक, पिवळसर दाण्याचा गहू आपल्याला परका नाही. आपल्याकडचा जुना बन्सी गहू याच जातीचा, आणि आजी शेवयांसाठी तोच मागायची. या गव्हातली प्रथिनं स्टार्चला घट्ट धरून ठेवतात, त्यामुळे स्टार्चचा दाणा पाणी पिऊन फुगतो पण फुटून बाहेर येत नाही. मैद्याच्या पास्त्याची ही पकड कच्ची. पांढरीफटक सुटी मॅकरोनी आणून मग शिजवणारीला दोष देण्यात अर्थ नाही.

पाण्याचा हिशोब इथे सगळ्यांना तोंडपाठ असतो: 100 ग्रॅम पास्ता, 1 लिटर पाणी, 10 ग्रॅम मीठ. चार माणसांचं करायचं तर घरातला मोठा गंज, म्हणजे पातेलं, काढावं लागतं. भांडं लहान, पाणी कमी असलं की पास्ता पडताच उकळी बसते आणि तुकडे एकमेकांना धरून बसतात. मीठ पाण्यातच घाला, कारण शिजताना जे आत जातं ते नंतर वरून भुरभुरवून जात नाही. तेल मात्र नको. आई अजूनही चमचाभर टाकतेच, पण तेल वर तरंगतं आणि पास्ता खाली असतो. चिकटू नये म्हणून करायचं ते एवढंच की टाकल्यावर पहिली दोन मिनिटं ढवळत राहायचं. तेव्हा वरचा स्टार्च चिकट झालेला असतो. ती वेळ टळली की पुढे अधूनमधून झारा फिरवला तरी पुरतं.

कुकरबद्दल वहिनीने दोनदा विचारलं. एका शिट्टीत शिजतो, खरं आहे. पण झाकण उघडून चाखता येत नाही, आणि सगळी गंमत तर चाखण्यातच आहे.

पाकिटावर 11 मिनिटं लिहिलं असेल तर आठव्या मिनिटापासून गंजापाशी उभं राहायचं. एक पेन्ने (नळीसारखा पास्ता) काढा, फुंकर मारा, दातांनी अर्धी तोडा आणि कापलेली कड उजेडात धरा. बाहेरचा भाग एकसारखा पिवळा, किंचित पारदर्शक दिसेल आणि मधोमध पांढरी रेघ. स्पॅगेटीत तीच टाचणीच्या टोकाएवढा ठिपका असते. तिथे पाणी अजून पोचलेलं नाही. रेघ जाड असेल तर कच्चा. केसासारखी बारीक झाली की उतरवायचा. पूर्ण जाईपर्यंत थांबलात तर ताटात पडेपर्यंत उशीर झालेला असतो.

कारण शिजणं इथे संपत नाही. शेजारच्या शेगडीवर टोमॅटोचा सॉस तयार हवा. पास्ता झाऱ्याने उचलून थेट त्यात, वर डावभर पेज (पास्ता शिजवलेलं पाणी), आच मोठी, मिनिट-दीड मिनिट हलवत राहायचं. राहिलेली ती रेघ सॉस पिऊन शिजते, आणि पेजेतल्या स्टार्चमुळे तेल-पाणी वेगळं न होता सॉस पास्त्याला लपेटून बसतो. मावशी पास्ता नळाखाली धुते, तिथे नेमका हाच स्टार्च मोरीत जातो. गार सॅलड करणार असाल तर धुवा, एरवी नको.

एवढं सगळं करूनही नागपुरात पास्ता बिघडतो, आणि माझ्या मते त्याचं खरं कारण स्वयंपाकघराच्या बाहेर आहे. इटलीत आधी माणसं टेबलाशी बसतात, मग पास्ता येतो. घराजवळ पोचलं की लोक फोन करून सांगतात, आता टाक. आमच्या घरी पास्ता आठला तयार, बाबा मंदिरातून साडेआठला येणार, भाऊ बुटीबोरीहून कधी येईल ते वर्धा रोडवरचं ट्रॅफिक ठरवणार. तोवर गंजावर झाकण. गरम पास्ता झाकून ठेवला की स्वतःच्या वाफेत शिजत राहतो आणि सगळं पाणी ओढून घेतो. त्याला वहिनी काय करणार?

अशा घरासाठी हॉटेलवाल्यांची पद्धत बरी. पाकिटावरच्या वेळेच्या तीन मिनिटं आधी उतरवा, परातीत पातळ पसरा, थोडं तेल चोळा (हो, इथे तेल चालतं) आणि गार होऊ द्या. वाटीभर पेज बाजूला काढून ठेवा. जो येईल त्याच्यापुरता पास्ता, सॉस आणि पेज कढईत घालून गरम करा. ताज्याची सर येत नाही, पण लगदाही होत नाही.

आईला आवडलेली बातमी वेगळीच होती. 2021 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले जॉर्जो पारिसी यांनी 2022 मध्ये, गॅस महागलेला असताना, गॅस बंद करून झाकण ठेवूनही पास्ता शिजतो ही कल्पना उचलून धरली. इथले शेफ जाम भडकले. विज्ञान पारिसींच्या बाजूने आहे: स्टार्च शिजायला खळखळती उकळी लागत नाही, पाणी पुरेसं गरम राहिलं की झालं. आईने फक्त "सिलिंडर वाचतो" एवढंच ऐकलं. जाड बुडाच्या गंजात तिचा बरा होतो, हे मान्य करतो.

राहिले मामा. त्यांना एक मिनिट जास्त शिजवून द्यावा, त्यात काही बिघडत नाही. इटलीतही यावर एकमत कुठे आहे? माझा नेपल्सचा रूममेट मी उतरवतो त्याच्याही आधी उतरवतो आणि माझ्या पास्त्याला आजाऱ्याचं जेवण म्हणतो. पण हेच मामा लग्नात आमरसाबरोबरचे सरगुंडे (आपला कणकेचा पास्ताच म्हणा) जरा गळाले की वाढप्याला परत पाठवतात. दाताखाली काहीतरी लागलं पाहिजे, हे त्यांना कुणी शिकवायला नको.

आणि उरलाच, तर नेपल्सचे लोक उरलेली स्पॅगेटी फेटलेल्या अंड्यात घालून दोन्ही बाजूंनी खरपूस भाजतात. आमच्याकडे सकाळी त्यात कांदा, हिरवी मिरची आणि मूठभर सांबार, म्हणजे कोथिंबीर, पडतो. तेव्हा मात्र कुणी गॅसची चौकशी करत नाही.