मोबाईलचं रक्त किती मिली?

एमएस्सीला माझा प्रोजेक्ट होता, वॉर्डातल्या सिस्टर आणि मावशींच्या मोबाईलवर कोणते जिवाणू सापडतात. सरांनी ऐकताक्षणी हो म्हटलं, मीडिया (जिवाणू वाढवायचं खाद्य) आणि ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र) कॉलेजातच होतं. अडलं ते हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीच्या, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाला मंजुरी देणाऱ्या समितीच्या, परवानगीवर.

त्यांचा फॉर्म औषधांच्या चाचण्यांसाठी केलेला. पहिल्या खेपेला परत आला, कारण 'रक्त किती मिली घेणार' हा रकाना मी कोरा सोडला होता. टेबलावरच्या काकांना म्हटलं, "काका, स्वॅब मोबाईलचा घ्यायचाय, माणसाचा नाही." काका म्हणाले, "मॅडम, कोरा रकाना चालत नाही." 'लागू नाही' लिहून दिलं. दुसऱ्यांदा परत, मराठी संमतीपत्र नाही म्हणून. हे मात्र त्यांचं बरोबर होतं. मोबाईल निर्जीव असला तरी मालकीण माणूस आहे, आणि कुणाच्या फोनवर काय निघालं हे वॉर्डात फुटलं तर तिचीच चर्चा. मग नावांऐवजी नंबर टाकले. तिसऱ्यांदा कळलं, बैठक पुढच्या महिन्यात. चौथ्यांदा फाईलच सापडेना. माझ्याकडे शिक्का-तारखेसकट पोच होती म्हणून वाचले, नाहीतर 'तुम्ही दिलीच नसेल' एवढं ऐकून परत यायचं. सात आठवडे गेले यात.

त्यात माझा उतावळेपणा. परवानगी येणारच म्हणून मीडियाच्या प्लेट आधीच ओतून ठेवल्या. फ्रिजमध्ये अगार, म्हणजे मीडियाची जेली, वाळून कडांनी सुटला, सगळ्या फेकल्या. मॅनिटॉल सॉल्ट अगारची (हाच तो मीडिया) बाटली काय भावाला पडते ते सरांनी महिनाभर ऐकवलं. सही हातात पडेपर्यंत प्लेट ओतू नका.

नमुने दोन सकाळींत झाले. सलाईनमध्ये ओलवलेला स्वॅब स्क्रीन, कडा आणि कव्हरवरून फिरवायचा, प्लेट ३७ अंशांवर ठेवायची. बहुतेक निघाले ते आपल्या कातडीवरचेच. मॅनिटॉल सॉल्ट अगार लालचा पिवळा झाला की स्टॅफिलोकोकस ऑरियस या आजार करू शकणाऱ्या जिवाणूचा संशय घ्यायचा, पण संशयच. मी पहिली पिवळी प्लेट बघून मैत्रिणींना फोन केले. कोअॅग्युलेज टेस्टमध्ये ऑरियस असला तर रक्तातला प्लाझ्मा गोठतो; माझा गोठलाच नाही.

अरे हो, संमती आदल्या दिवशी घेऊ नका. दुसऱ्या दिवशी सगळे फोन चकचकीत पुसलेले मिळतात. सही घ्यायची आणि तिथेच स्वॅब मारायचा. आणि पुसायला अल्कोहोल ७० टक्केच का, हे तोंडी परीक्षेत विचारतातच: जिवाणूंची प्रथिनं नासायला पाणीही लागतं, शुद्ध अल्कोहोल त्यात कमी पडतं. काही जिवाणूंचे टणक कवचाचे बीजाणू मात्र दोन्हींना पुरून उरतात.

काम संपल्यावर कमिटीला अहवाल द्यावा लागतो. त्याही फॉर्मात तोच रकाना. या वेळी वाद न घालता लिहिलं, '० मिली'. काकांनी तिथल्या तिथे शिक्का मारला.