नांदूरमध्यमेश्वरची थंडी आणि यादीवरची भांडणं

आमच्या मंडळात गणपती, कोजागिरी सगळं व्हायचं, पण खरी वाट बघायचो ती जानेवारीतल्या नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी बघायच्या सहलीची. नाशिकहून अंधारात ट्रॅव्हलर निघायची, निफाड आलं की खिडकी उघडायची कोणाची हिंमत नाही, पारा घसरल्याच्या बातमीत दरवर्षी नाव असणारं गाव ते! चापडगावला उतरलं की चहा आणि त्यासोबत काकांचं तेच भाषण... गोदावरी-कादवाच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळात बंधारा झाला, गाळ साचला, पाणी उथळ झालं, बेटं तयार झाली, पाणवनस्पती माजल्या, म्हणून पक्षी यायला लागले, १९८६ ला अभयारण्य झालं. २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं आणि भाषण अजून लांबलं 😄

पक्षी बघायच्या मनोऱ्यावर ही गर्दी, आणि सगळ्यांना फक्त फ्लेमिंगो हवा. माझं आपलं मत, मनोरा पटकन उरकावा आणि बांधावरून चालत सुटावं. उघड्या पाण्यावर वारकरी नावाचे काळे पाणपक्षी आणि थापट्या बदकं, काठाच्या गवतात जांभळ्या पाणकोंबड्या, चिखलात लाल काड्यांवर उभे केल्यासारखे शेकाटे, आणि मधेच दलदल ससाणा खालून फिरला की बदकांचा अख्खा थवा एकदम उठायचा, तेव्हा बडबडी पोरंसुद्धा गप्प. तिथून जरा पुढे गेलं की ऊस, गहू, हरभरा, तारेवर नीळकंठ आणि वेडे राघू, बांधावर धोबी. चार पावलांवर पक्षी बदलतात, हे मनोऱ्यावरून कसं कळणार?

पण धमाल दुपारी. झाडाखाली पिठलं-भाकरी, ठेचा, आणि यादीचं वाचन. नियम एकच, पक्षी निदान दोघांनी पाहिलेला हवा. त्यावरून जी भांडणं व्हायची! "तो गडवाल नव्हता हो, तलवार बदकाची मादी होती", "तुमच्या चष्म्याचा नंबर बघा आधी".

स्वयंपाकाच्या मावशींनी कधी दुर्बीण हातात धरली नाही, पण एकदा चुलीपासून हाताच्या अंतरावर हुदहुद्या येऊन माती उकरत बसला, तुरा उघडून वगैरे, आणि पाहिला फक्त त्यांनी. काका म्हणाले नियमात बसत नाही. मावशी म्हणाल्या, मग भाकरीपण बसत नाही.

हुदहुद्या लगेच यादीत गेला.