दुसऱ्याने लिहिलेले नृत्य

शाळेत नृत्य शिकवणाऱ्या शिक्षकाने वर्गासाठी साहित्य शोधायला घेतले, तर त्याच्या हाती बहुधा चित्रफिती लागतात. एक कुशल नर्तक समोर नाचून दाखवतो, विद्यार्थी त्याच्याकडे पाहून तसेच हातपाय हलवतात आणि काही तासांत सगळ्या वर्गाचा एक नाच ‘बसतो’. कार्यक्रम जवळ आलेला असताना ही पद्धत सोयीची ठरते आणि तिच्यावर माझा राग नाही. मात्र तिच्यातून विद्यार्थी नाच शिकतो, नृत्यरचना शिकत नाही. कोणती हालचाल घ्यायची आणि कोणती टाकायची, ती कोणत्या दिशेला, किती वेळ आणि कोणाबरोबर करायची, हे सगळे निर्णय चित्रफीत करणाऱ्याने आधीच घेऊन टाकलेले असतात. म्हणून आठवीच्या दोन तुकड्यांसाठी मी साहित्य तयार केले, तेव्हा ते मुद्दाम अपुरे ठेवले.

त्या संचात कार्डांच्या तीन गड्ड्या होत्या. पहिलीत केवळ क्रिया होत्या: वळणे, झुकणे, उसळणे, घसरणे, कोसळणे, थांबणे. दुसरीत ती क्रिया कशी करायची याच्या सूचना होत्या आणि त्यांची मांडणी रुडॉल्फ लाबान (१८७९–१९५८) या नृत्य-अभ्यासकाने हालचालीचे जे चार घटक सांगितले आहेत, म्हणजे वजन, वेळ, अवकाश आणि प्रवाह, त्यांच्या आधाराने केली होती. तिसऱ्या गड्डीत रचनेच्या युक्त्या होत्या: तीच हालचाल पुन्हा करणे, उलट्या क्रमाने करणे, एकाने सुरू केल्यावर दुसऱ्याने चार मात्रा उशिरा सुरू करणे, प्रत्येक फेरीत एक नवी हालचाल जोडत जाणे. याखेरीज प्रत्येक गटाला एक छापील कागद दिलेला होता. त्याच्या वरच्या भागात सभागृहाचा रिकामा आयत आणि आयताच्या खालच्या कडेला ‘प्रेक्षक’ हा शब्द होता. खालच्या भागात आठ चौकटींच्या चार ओळी, म्हणजे बत्तीस मात्रा होत्या. गाणे मी दिले नव्हते. गाणे लावले की या वयाची मुले त्यातील शब्दांचा अभिनय करू लागतात आणि रचनेचा विचार तिथेच थांबतो, असे मी अनेकदा पाहिले आहे. लय धरण्यासाठी टाळी पुरेशी होती.

पहिल्या तुकडीने पाच-पाच जणांचे गट करून आपापली नृत्ये रचली आणि कागदावर उतरवली. कशी उतरवायची, हे मी सांगितले नव्हते. काहींनी काडीच्या माणसांची चित्रे काढली, काहींनी बाण वापरले, काहींनी सरळ वाक्ये लिहिली. एका मुलीने ‘झुकणे’ ही खूण एका चौकटीत न काढता लांब ताणून सहा चौकटींवर पसरवली, कारण तिला ती हालचाल सहा मात्रा चालवायची होती. खुणेच्या लांबीने वेळ दाखवण्याची ही कल्पना लाबानने १९२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नृत्यलिपीचा एक आधारच आहे. त्या लिपीत खुणेचा आकार दिशा सांगतो, तिच्यातील भरण हालचाल उंच, मधल्या की खालच्या पातळीवर आहे ते सांगते आणि तिची लांबी कालावधी सांगते. त्या मुलीला हे ठाऊक असण्याचे काहीच कारण नव्हते, आणि मीही त्या वेळी तिला ते सांगितले नाही. आधी गरज भासावी आणि मग नाव कळावे, हा क्रम मला अधिक पसंत आहे.

ज्या दिवसाविषयी लिहीत आहे, त्या दिवशी दोन्ही तुकड्यांचा सलग दोन तासांचा एकत्र वर्ग होता. आपण आपलेच नृत्य सादर करणार, अशा समजुतीने पहिली तुकडी आली होती; मी मात्र तिचे कागद दुसऱ्या तुकडीच्या गटांना वाटले. दुसऱ्या तुकडीने ती नृत्ये पाहिलेली नव्हती. अर्ध्या तासात कागद वाचायचा, त्यावरून नृत्य उभे करायचे आणि सादर करायचे, असे काम दिले. सादरीकरण संपेपर्यंत मूळ रचनाकारांनी एक शब्दही बोलायचा नाही, एवढा एकच नियम होता. पाय मुरगळल्यामुळे एक विद्यार्थी त्या दिवशी नाचणार नव्हता. त्याला एका गटाने वाचक केले आणि तो कागद हातात घेऊन मात्रा मोजत सूचना देऊ लागला. हे काम इतके उपयोगी ठरले की आता मी प्रत्येक गटात एक वाचक ठेवते.

पहिले दोन गट बरे गेले. तिसऱ्या गटाच्या वाट्याला आलेला कागद वरवर पाहता सर्वांत नीटनेटका होता. आयतात पाच जणांची आडवी ओळ काढलेली होती, त्यांना एक ते पाच असे क्रमांक दिले होते आणि पाचवा विद्यार्थी कागदाच्या उजव्या टोकाला होता. पहिल्या आठ मात्रांत सर्वांनी जागेवर डोलायचे. पुढच्या आठ मात्रांत पाचव्याने हळूहळू कोसळायचे आणि बाकीच्यांनी स्थिर राहायचे. तिसऱ्या ओळीत लिहिले होते, ‘१ ते ४ : उजवीकडे चार पावले, सावकाश’. आणि शेवटच्या ओळीत ‘१ ते ४ : खाली झुकणे, हात पुढे’.

वाचणाऱ्या गटाने हे सगळे काटेकोरपणे केले. कागदावर प्रेक्षक खालच्या कडेला असल्यामुळे त्यांनी प्रेक्षकांकडे तोंड करून ओळ धरली आणि पाचवी मुलगी प्रेक्षकांच्या उजव्या हाताला उभी राहिली. ती कोसळली. मग उरलेल्या चौघांनी सूचनेप्रमाणे उजवीकडे, म्हणजे नाचणारे म्हणून आपल्या स्वतःच्या उजवीकडे, सावकाश चार पावले टाकली. प्रेक्षकांच्या दृष्टीने ती डावी बाजू होती. पडलेल्या मुलीपासून चौघे शांतपणे दूर गेले, तिच्याकडे न पाहता खाली झुकले आणि त्यांनी रिकाम्या जमिनीकडे हात पुढे केले.

सभागृहात गडबड नेहमीच असते, ती त्या वेळी थांबली. मागे बसलेल्या एका सहकारी शिक्षिकेने नंतर मला सांगितले की हे मुद्दाम रचलेले आहे असेच त्यांना वाटले होते. मूळ गटाला मात्र नियम पाळणे अशक्य झाले. टाळ्या वाजण्यापूर्वीच त्यांच्यातील एक मुलगी उभी राहून म्हणाली, “मॅडम, आम्ही तिला उचलायला जातो! हे तर तिला टाकून गेले!” वाचणाऱ्या गटाने लगेच कागद उंच धरला. “उजवीकडे असेच लिहिलंय. आम्ही उजवीकडेच गेलो.”

दोन्ही गट खरे बोलत होते. मूळ गटाने उजवी बाजू कागदाची, म्हणजे प्रेक्षकांची धरली होती. वाचणाऱ्यांनी जागा लावताना प्रेक्षकांची उजवी बाजू धरली, पण पावले टाकताना शरीराची. एका शब्दात संदर्भ राहून गेल्यामुळे आधार देणाऱ्या नृत्याचे पाठ फिरवणारे नृत्य झाले होते. हालचाली, क्रम आणि लय या तिन्हींत कुठेही फरक नव्हता. रचनेत दिशेला अर्थ असतो, हे मी त्या वर्गाला आधी अनेक प्रकारे समजावून सांगितले होते. तेव्हा त्यांनी माना डोलावल्या होत्या. आता ते त्याच्यावर भांडत होते.

मी वेळापत्रक बाजूला ठेवले आणि उरलेला जवळजवळ सगळा वेळ या भांडणाला दिला. ‘उजवीकडे’ऐवजी ‘खिडकीकडे’ लिहावे, असे एकाने सुचवले. दुसऱ्या सभागृहात खिडकी दुसरीकडे असेल, हे दुसऱ्याने तत्काळ दाखवून दिले. एका मुलीने म्हटले की दिशा लिहूच नये, ‘पाचव्याकडे’ असे लिहावे, म्हणजे पाचवा कुठेही पडला तरी चौघे तिकडेच जातील. ही सूचना मला फार मोलाची वाटली, कारण तिने जागेऐवजी नाते लिहिले होते आणि त्या नृत्याचा गाभा नात्यातच होता. आणखी एकाने कागद उलटा धरून सांगितले की चित्रे पाठमोरी काढली तर चित्राचा उजवा हात आणि आपला उजवा हात एकाच बाजूला येतील.

इथे मात्र मला राहवले नाही आणि मी इतिहास सांगितला. १७०० मध्ये पॅरिसला फ्येये (Feuillet) या नृत्यशिक्षकाने प्रसिद्ध केलेल्या नृत्यलेखनात नर्तकाचा मार्ग वरून पाहिल्यासारखा जमिनीवर रेखाटला जाई आणि त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना पावलांच्या खुणा येत. मार्गावरच्या आडव्या रेघा संगीताचे खंड दाखवत. आमच्या कागदावरचा आयत त्याच घराण्यातला आहे. १९५० च्या दशकात जोन आणि रुडॉल्फ बेनेश या दांपत्याने जी लिपी पुढे आणली, तिच्यात पाच आडव्या रेघा डोक्याचा वरचा भाग, खांदे, कंबर, गुडघे आणि जमीन यांच्या पातळ्या दाखवतात आणि नर्तक नेमका पाठमोरा पाहिलेला असतो. लाबानच्या लिपीत रेघा उभ्या असतात, वाचन खालून वर होते आणि मधल्या रेघेच्या उजवीकडे नर्तकाच्या शरीराची उजवी बाजू येते. कागद उलटा धरणाऱ्या त्या मुलाला आपली युक्ती कोणीतरी आधीच वापरलेली आहे, याचा आनंद झाला की वाईट वाटले, ते मला नीट कळले नाही.

सहकारी शिक्षिकेने एक रास्त शंका काढली: मूळ नृत्याची चित्रफीत काढून दिली असती, तर हा घोळ झालाच नसता. ते खरे आहे. एखादे नृत्य पुन्हा उभे करायचे असेल तर चित्रफीत हवीच. परंतु चित्रफितीत जे घडले ते सगळे येते, अडखळलेले पाऊल आणि सावरलेली ओढणीसुद्धा. त्यातले रचनाकाराला काय हवे होते आणि काय चुकून झाले, हे ती सांगत नाही. शिवाय समोरून घेतलेली चित्रफीत पाहून शिकताना मुले आरशातल्यासारखी नक्कल करतात आणि डाव्या-उजव्याचा हाच प्रश्न तिथे कोणाच्या लक्षातही न येता मिटून जातो. कागदावर लिहिताना मात्र ठरवावे लागते, आणि न ठरवलेले दुसऱ्याच्या हातात गेल्यावर उघडे पडते.

शेवटच्या पंधरा मिनिटांत मी त्या गटांना दोन्ही आवृत्त्या पाठोपाठ करायला लावल्या. वर्गातील बऱ्याच जणांना चुकून झालेली आवृत्ती अधिक आवडली, ही गोष्ट मूळ गटाला मुळीच रुचली नाही. मर्स कनिंगहॅमसारखा रचनाकार १९५१ पासून हालचालींचा क्रम नाणे उडवूनही ठरवत असे, हे मी सांगितल्यावर त्यांतील एकाने विचारले, “पण त्याने नाणं स्वतः उडवलं ना? आमचं तर दुसऱ्यांनीच उडवलं.” हा भेद मला स्वतःला सुचला नसता. मग साहजिकच पुढचा प्रश्न आला की हे दुसरे नृत्य नेमके कोणाचे. कायद्याच्या दृष्टीने नृत्याची मालकी बराच काळ ते कोठेतरी नोंदलेले असण्यावर अवलंबून राहिली आहे, आणि हान्या होम या रचनाकार स्त्रीने १९५२ मध्ये एका संगीतिकेतील आपल्या नृत्यांची लाबान-लिपीतील प्रत देऊन अमेरिकेत त्यांचा स्वामित्वहक्क नोंदवला होता, एवढे मी सांगितले. दोन्ही गटांनी आपसात तडजोड केली ती अशी: कागद पहिल्यांचा, पावले दुसऱ्यांची.

त्यानंतर छापील कागदात मी काही बदल केले. आयतात विद्यार्थ्यांसाठी आता गोलाऐवजी त्रिकोण काढायचा असतो आणि त्याचे टोक नाचणाऱ्याचे तोंड कुठे आहे ते दाखवते. चौकटींच्या शेजारी ‘कोणाच्या संदर्भात’ असा एक रकाना वाढवला आहे. क्रियांची कार्डे आहेत तशीच ठेवली. सूचनांच्या गड्डीतून ‘सुंदरपणे’ हे कार्ड मात्र काढून टाकले, कारण ते कोणालाच करता येत नव्हते.

पुढच्या आठवड्यात मूळ गट नवा कागद घेऊन आला. तिसऱ्या ओळीतील एक चौकट त्यांनी मोकळी सोडली होती आणि शेजारच्या रकान्यात लिहिले होते, ‘चौघांनी आपापले ठरवावे’. असे चालेल का, म्हणून त्यांनी विचारले. मोकळी चौकट विसरलेली नसून सोडलेली आहे, हे कागदावर स्पष्ट दिसत असेल तर चालेल, असे मी सांगितले. तेव्हा त्यांनी त्या चौकटीभोवती ठळक रेघ मारली आणि कागद दुसऱ्या तुकडीकडे नेऊन दिला.