पाकीट फोडायचं नव्हतं

लग्नाआधी माझं बीएस्सीचं एक वर्ष झालं होतं आणि त्यात गणित राहिलं होतं. घरी मी "झाले पास" एवढंच सांगितलेलं. एटीकेटी सुटायच्या आत लग्न ठरलं आणि एच-फोर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीमुळे बायकोला मिळणाऱ्या व्हिसावर मी कॅलिफोर्नियात फ्रिमाँटला आले. ती मार्कलिस्ट फायलीच्या तळाशी तशीच राहिली.

मुलगी प्रीस्कूलला जायला लागली तेव्हा मी इथल्या ओलोनी कॉलेजात नाव घातलं. हे कम्युनिटी कॉलेज. पदवीची पहिली दोन वर्षं इथे करायची आणि तिसऱ्या वर्षाला विद्यापीठात जायचं. प्रवेश परीक्षा नाही, आणि कॅलिफोर्नियाचे रहिवासी ठरलात तर फी युनिटला, म्हणजे विषयाच्या एका क्रेडिटला, 46 डॉलर. वर्गात अठरा वर्षांची पोरं, रात्रपाळी करून आलेला नर्सिंगवाला, एक निवृत्त आजोबा आणि मी. कॅल्क्युलस पहिल्यापासून घेतलं. या वेळी समजलं. का समजलं ते अजून सांगता येत नाही. बहुतेक कुणी घाई केली नाही म्हणून.

या विद्यापीठात जाण्याला, म्हणजे ट्रान्सफरला, हुशारीपेक्षा हिशोब जास्त लागतो. यूसीसाठी, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियासाठी, 60 सेमिस्टर युनिटं हवीत, पण कुठलीही 60 नाही चालत. असिस्ट नावाची अधिकृत वेबसाइट आहे. तिथे डावीकडे विद्यापीठाचा विषय आणि उजवीकडे त्याच्या बदल्यात तुमच्या कॉलेजचा कुठला चालेल ते दिलेलं असतं. तो तक्ता मी छापून फ्रिजवर लावला होता. तरी चुकणारच होते. पुढचं कॅल्क्युलस शेजारच्या कॉलेजात संध्याकाळी मिळत होतं, मुलीच्या वेळेला सोयीचं. काउन्सेलर बाईंनी तक्त्यातल्या ओळीवर पेन्सिल टेकवली: ही साखळी आहे, एकाच कॉलेजात पुरी कर, नाहीतर अर्धी धरतील न धरतील. मग सकाळी आठची बॅच घेतली. नवऱ्याने डबे करायला शिकून घेतलं.

एक संधी मात्र हुकलीच. यूसीच्या सहा कॅम्पसमध्ये 'टॅग' म्हणून हमीचा प्रवेश असतो, अटी पुऱ्या केल्या की जागा पक्की. त्याचा अर्ज सप्टेंबरमध्ये भरायचा असतो हे मला ऑक्टोबरमध्ये कळलं. मग इतरांसारखा नोव्हेंबरचा साधा अर्ज.

अर्जात रकाना होता: आजवर शिकलेली सगळी कॉलेजं. मी बाईंना विचारलं, ते भारतातलं एक वर्ष नाही लिहिलं तर? त्या म्हणाल्या, "लपवलंस आणि नंतर कळलं तर मिळालेला प्रवेशही जातो." गुण जसेच्या तसे लिहायचे, आपल्या मनाने जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, काढायचा नाही. मार्कलिस्ट बाहेर निघाली. गणितापुढचा तो आकडा टाइप करताना हात जरा अडखळला, कारण अर्ज होता संख्याशास्त्राला. साडेतीनशे शब्दांची चार उत्तरं लिहायची होती, त्यातलं एक मग मी त्यावरच लिहिलं.

एप्रिलमध्ये यूसीच्या डेव्हिस कॅम्पसचा होकार आला. 1 जूनच्या आत आपण हो म्हणायचं आणि 1 जुलैपर्यंत सगळ्या कॉलेजांची अधिकृत ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे गुणपत्रकं, पोचवायची. भारतातली बंद पाकिटात हवी होती. बाबा लाल डब्याने अडीच तास प्रवास करून विद्यापीठात गेले. पहिल्या खेपेला फॉर्म, दुसऱ्या खेपेला चलन, तिसऱ्या खेपेला पाकीट. रात्री फोन आला.

"मिळालं गं. सही-शिक्का सगळं आहे. फोडून बघितलं, नावाचं स्पेलिंग नीट आहे ना म्हणून."

मी ओट्याला टेकून उभी राहिले. बंद म्हणजे बंदच लागतं, हे त्यांना नीट सांगायचं राहून गेलं होतं. सांगितलं. पलीकडे जरा वेळ फक्त पंख्याचा आवाज.

"गणित राहिलं होतं होय गं?"

"हो."

"आणि आता तिकडं कशाला घेतलंय त्यांनी?"

"संख्याशास्त्र."

"म्हणजे गणितच की."

"गणितच."

"बरं. सोमवारी परत जातो."

सोमवारी गेले. कुरिअरला देण्याआधी त्यांनी दुसऱ्या पाकिटाचा फोटो पाठवला. विद्यापीठाच्या शिक्क्यावर बाबांनी स्वतःच्या हाताने सेलोटेप मारला होता, आणि सेलोटेपवर स्टेपलरच्या तीन पिना.