आपल्या मुली ऑलिंपिकला का नसतात?

लग्नात, मुंजीत, सोसायटीच्या गणपतीत कुणीतरी माझी ओळख करून देतं, "ही रग्बी खेळायची हं!" मग पुढचे दोन प्रश्न ठरलेले. पहिला, "ते हेल्मेट घालून खेळतात तेच ना?" ते नव्हे. ते अमेरिकन फुटबॉल. दुसरा प्रश्न चार वर्षांतून एकदा जोर धरतो. पॅरिस ऑलिंपिकच्या त्या आठवड्यात तर मला दूधवाल्यानेही विचारला होता: आपल्या मुली का नाहीत त्यात?

खालच्या मजल्यावरच्या काकू प्रश्नाबरोबर उत्तरही घेऊनच येतात. "घरचे पाठवत नसतील गं. चड्ड्या घालून मातीत लोळायचं म्हणजे... आणि त्या पोरींना खायला तरी धड मिळतं का?" मी मान डोलावली, कारण हातात प्रसादाची वाटी होती आणि मागे रांग. पण खरं सांगू का, या उत्तराचा मला कंटाळा आलाय. घरचे, चड्ड्या, खाणंपिणं हे सगळं आहेच, नाही कोण म्हणतं. पण बिहारच्या, ओडिशाच्या, बंगालच्या मुली ते सगळं ओलांडून कधीच्या मैदानात आल्यात. घोडं पेंड खातं ते त्याच्या पुढे. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, फक्त थोडे आकडे ऐकून घ्यावे लागतील.

ऑलिंपिकमध्ये रग्बीचा जो प्रकार असतो तो सेव्हन्स. त्यात एका बाजूला सात जणी आणि सात-सात मिनिटांचे दोन हाफ. मैदान मात्र पंधरा जणींच्या रग्बीचंच, तेवढंच लांब, तेवढंच रुंद. २०२३ साली हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये जपानने आपल्याला ४५-० ने हरवलं. हाँगकाँगने ३८-० ने. बॉल समोरच्यांच्या रेषेपलीकडे नेऊन जमिनीला टेकवला की ट्राय, पाच गुण; त्यावरची किक लागली की आणखी दोन. ४५ म्हणजे सात ट्राय आणि त्यावर पाच किका धरा. चौदा मिनिटांत सात ट्राय, दर दोन मिनिटांनी एक. सेव्हन्सचा नियम असा आहे की ज्या संघाने गुण मिळवले त्यानेच किक मारून खेळ पुन्हा सुरू करायचा, म्हणजे मार खाणाऱ्यांच्या हाती बॉल यावा. कागदावर मोठा दयाळू नियम. प्रत्यक्षात समोरची बॉल उंच आणि आखूड मारते, त्यांची उंच मुलगी धावत येऊन तो हवेतच घेते आणि तुम्ही परत आपल्या ट्राय लाइनकडे पळत सुटता. असे सामने मी खेळलेय. तिसऱ्या ट्रायनंतर पोस्टखाली सगळ्या गोल करून उभ्या राहतो ना, तेव्हा कुणी कुणाकडे बघत नाही.

हांगझोऊचा स्कोअर आल्यावर मला दोन-तीन निरोप आले, "काय गं हे, लाज काढली." मला मात्र दुसराच ४५-० आठवत होता. ऑगस्ट २०१६, रिओ. महिलांचं सेव्हन्स पहिल्यांदाच ऑलिंपिकमध्ये आलं होतं. कॅनडा ४५, जपान ०. तोच आकडा! त्याच मुलींना ब्रिटनने ४०-० ने झोडलं. आणि हा जपानचा संघ म्हणजे कुणी लिंबूटिंबू नव्हता. आशियाची पात्रता फेरी जिंकून, अख्ख्या खंडातून गेलेला तो एकमेव संघ होता.

तर हा असा जिना आहे. रिओला बारा संघ होते. एक यजमान, चार वर्ल्ड सिरीजमधले (म्हणजे जगातल्या तगड्या संघांच्या स्पर्धामालिकेतले) सगळ्यात वरचे, सहा विभागांमधून एकेक, आणि बारावी जागा उरलेल्यांनी आपसांत लढून मिळवायची. आशियाच्या वाट्याला त्या सहांतली एक. टोकियोच्या वेळी जपान यजमान असल्यामुळे आशियाची जागा मोकळी झाली, तर ती चीनने घेतली. पॅरिसच्या वेळी आशिया पुन्हा जपानने जिंकला, आणि चीन मोनॅकोला जाऊन उरलेल्यांच्या स्पर्धेतून आत आला. २०२२ साली केपटाऊनला सेव्हन्सचा विश्वचषक झाला, त्यात सोळा संघ आणि आशियाला दोन जागा. कुणाच्या, ते आता तुम्हीच सांगाल.

आणि आशियाच्या त्या वरच्या गटात शिरायचं तर त्याच्याही आधी एक पायरी आहे, ट्रॉफी नावाची. पात्रतेसाठीची पात्रता म्हणा ना. आपल्या मुली गेली काही वर्षं बरंचसं तिथेच दिसतात. २०२२ साली जकार्तात रौप्य मिळालं. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये काठमांडूला पुन्हा अंतिम सामना, पुन्हा रौप्य. फिलिपिन्स ७, भारत ५.

या ७-५ पाशी मला थोडं थांबू द्या. पेपरात दोन ओळींची बातमी आली असेल, नसेलही. पण रग्बी खेळलेल्या कुणालाही तो स्कोअर नुसता वाचला तरी पोटात खड्डा पडतो. ट्रायचे गुण पाच. त्यानंतरची किक दोन पोस्टच्या मधून, आडव्या दांड्याच्या वरून गेली तर दोन. म्हणजे दोन्ही संघांनी एकेकच ट्राय केला, बरोबरीत. त्यांची किक गेली, आपली गेली नाही. बाकी सगळं, ती धावाधाव, टॅकल, पडलेल्या बॉलवरची रेटारेटी, चौदा मिनिटं, विमानाची तिकिटं, शिबिरं, सगळं एका लाथेवर येऊन ठेपलं.

ही लाथही साधी नाही. पंधरा जणींच्या खेळात बॉल जमिनीवर मांडून, चार पावलं मागे जाऊन, श्वास घेऊन मारता येतो. सेव्हन्समध्ये ड्रॉप किक. बॉल हातातून सोडायचा, जमिनीला टेकून उसळला की त्याच क्षणी मारायचा, आणि तेही सेकंद मोजत. नुकतीच सत्तर मीटर पळून आलेली असता, छाती भात्यासारखी चालू असते. ट्राय जिथे टेकवला असेल त्याच रेषेत मागे जाऊन मारायची. कोपऱ्यात टेकवलात तर तिरका कोन. पोस्टच्या मध्ये टेकवलात तर लहान पोरही मारील. म्हणून आमचे सर बाहेरून बोंबलायचे, "आत घे! आत घे!" ट्राय लाइन ओलांडल्यावर बॉल लगेच न टेकवता पोस्टच्या दिशेने पळत राहायचं. पण मागून कुणाचा तरी हात तुमच्या जर्सीला लागतोय, मिळालेले पाच घालवायचे का दोनाच्या आशेने? बहुतेक जणी कोपऱ्यात टेकवून मोकळ्या होतात. मीसुद्धा झाले असते.

माझ्याकडे किकचं काम होतं. राज्याच्या संघातलं माझं शेवटचं वर्ष, राष्ट्रीय स्पर्धेचा उपांत्य सामना. आम्ही १२-१० ने मागे, शेवटचं मिनिट संपलेलं, आणि आमच्या विंगने, म्हणजे कडेने पळणारीने, डाव्या कोपऱ्यात ट्राय टेकवला असं सगळ्यांना वाटलं. पंचांनी दिला नाही. रेषेबाहेर पाय होता. म्हणजे १२-१० वरच संपलं. संघातल्या मुली आजही त्या पायाबद्दल बोलतात. मी बोलत नाही. कारण आमचे ते १० म्हणजे दोन ट्राय होते, आणि दोन्ही किका मी घालवल्या होत्या. एक जरी गेली असती तरी बरोबरी, जादा वेळ. पहिली बाहेर गेली, त्याचं काही वाटत नाही, कोन वाईट होता. दुसरी सरळ होती. अगदी मधोमध गेली. आडव्या दांड्याच्या खालून.

खालून का गेली हे मला कित्येक महिन्यांनी कळलं. आमच्या मैदानावर रग्बीचे पोस्ट नव्हतेच. ज्या कॉलेजच्या मैदानावर आम्ही सरावाला जायचो तिथे फुटबॉलचे गोल होते, आम्ही त्यांच्यावरून मारायचो. फुटबॉलच्या गोलचा आडवा दांडा २.४४ मीटरवर असतो. रग्बीचा ३ मीटरवर. रुंदीचंही तसंच, गोल ७.३२ मीटर रुंद, रग्बीच्या दोन खांबांत ५.६ मीटर. तीन वर्षं मी छप्पन्न सेंटिमीटर कमी उंच मारायला शिकत होते आणि मला वाटत होतं, आपली किक पक्की आहे.

किक लागलेलीही उदाहरणं आहेत हो. २०१९ च्या जूनमध्ये मनिलात आपल्या पंधरा जणींच्या संघाने सिंगापूरला २१-१९ ने हरवलं, मुलींचा त्या प्रकारातला पहिलावहिला आंतरराष्ट्रीय विजय. ओडिशाच्या सुमित्रा नायकने शेवटी-शेवटी मारलेली पेनल्टी होती ती. कॅप्टन आमच्या पुण्याची वाहबिझ भरूचा. त्या रात्री मी व्हॉट्सॲपवर आलेला तो थरथरता व्हिडिओ किती वेळा पाहिला असेल!

एक गंमत सांगते, आपल्याशी तिचा संबंध नाही, पण जिंकलं की गेलंच असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी. आफ्रिकेची पात्रता फेरी दक्षिण आफ्रिकेच्या मुलींनी रिओच्या आधीही जिंकली आणि टोकियोच्या आधीही. टोकियोच्या वेळी तर ट्युनिशियात केनियाला एका गुणाने हरवून, १५-१४. दोन्ही ऑलिंपिकला गेलं कोण? केनिया. दक्षिण आफ्रिकेच्या ऑलिंपिक समितीचं धोरणच असं होतं की नुसती खंडातली पात्रता आम्ही धरत नाही. मैदानात जिंकलेली जागा ऑफिसात सोडून दिली. शेवटी पॅरिसला त्या मुली गेल्या, आणि तेव्हा केनिया घरी राहिली. आपल्याकडे निदान सोडायला जागा तरी कुठे आहे, असं मी एकदा म्हणाले तर सर रागावले होते.

मग जपान ४५-० खाऊन पुढे काय झाला? रिओत दहावा. टोकियोला, घरच्या मैदानावर, बारावा, म्हणजे शेवटचा. पॅरिसला नववा. बघा, आठ वर्षांत दहाचा नऊ, तोही मधे बारा होऊन. पण या काळात त्या मुली वर्ल्ड सिरीजमध्ये चढल्या, उतरल्या, पुन्हा चढल्या. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, फिजी यांच्याकडून सतत मार खाल्ला. हांगझोऊला आपल्या मुलींसमोर उभ्या राहिल्या त्या हा मार पचवलेल्या.

आणि आपल्या? मी एकदा जुनी वही काढून मोजलं. माझं सगळ्यात भरलेलं वर्ष, ज्या वर्षी मी भारताच्या शिबिराला गेले होते (अंतिम यादीत नाव आलं नाही, ती वेगळी गोष्ट), त्या वर्षात मी सामने खेळले एकोणीस. चौदा मिनिटांच्या हिशेबाने दोनशे सहासष्ट मिनिटं. वर्षभराची रग्बी साडेचार तासही नाही! त्यातले निम्मे आमच्यापेक्षा कच्च्या संघांशी. बाकीचं सगळं वर्ष आम्ही पळत होतो, दंड-बैठका काढत होतो, एकमेकींनाच टॅकल करत होतो. माझ्याबरोबर शिबिरात होती ती कबड्डी सोडून आलेली मुलगी म्हणायची, "आमच्याकडं दिवाळीच्या सुट्टीत याच्याहून जास्त म्याची होत्यात." पकड तिची जबरदस्त होती. पण ४५-० ने हरवणाऱ्या संघाविरुद्ध कुठल्या क्षणी बॉल सोडायचा, कधी जमिनीवर पडायचं, पंच कशाला शिट्टी मारतो हे पकडीने कळत नाही. त्यांच्याशी खेळून कळतं. आणि त्यांच्याशी खेळायला मिळतं ते पात्रता मिळवली तर, दोन वर्षांतून एकदा, दोन दिवस.

तेव्हा काकू, खाण्यापिण्याचं राहू द्या. पोरींना सामने कमी मिळतात. भले ४५-० चे मिळोत, पण दरवर्षी तीस मिळोत.

हे सगळं मी काकूंना खरंच सांगितलं, जिन्यात उभं राहून. त्या म्हणाल्या, "बरं, मग तू काय करतेस आता?"

मी रविवारी सकाळी साडेसहाला नदीपलीकडच्या मैदानावर असते. आठवी-नववीच्या अकरा मुली येतात, परीक्षा असेल तर चार. तिथेही फुटबॉलचेच गोल आहेत. मी दोन लांब बांबू आणलेत. ५.६ मीटरवर रोवतो, आणि मध्ये ३ मीटर उंचीवर सुतळी बांधतो. गेल्या रविवारी त्यांतली एक, सगळ्यात बुटकी, मोजपट्टी घेऊन दुसरीच्या खांद्यावर चढली. सुतळीच्या मधोमध पट्टी लावून खाली ओरडली, "ताई, इथे दोन ऐंशीच भरतंय! मधे झोल पडलाय."

मग सुतळी सोडून, ओढून, पुन्हा बांधली. तोपर्यंत सात वाजून गेले होते आणि क्रिकेटवाले यायला लागले होते.