गुंड्याच्या बरगडीवरची दोन भोकं

कुत्र्याला कुत्रं चावलंय म्हणून कोणी क्लिनिकला आलं की मी आधी जखम बघत नाही, आधी ओठ वर करून हिरडी बघतो. गुलाबी आहे की पांढरी पडलीय, अंगठ्याने दाबून सोडली की रंग परत यायला किती वेळ लागतो, श्वास कसा चाललाय, हे सगळं आधी आणि जखम नंतर. मालकांना वाटतं डॉक्टर भलतंच काय बघत बसलेत, रक्त तिकडून येतंय. पण गुंड्याच्या केसमध्ये जखमेकडेच बघत बसलो असतो तर तो गेला असता, म्हणून ही केस लिहून ठेवतोय.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट, आमचं सातारा, रविवारची संध्याकाळ, क्लिनिक बंद करायच्या तयारीत होतो. एक काका काकू रिक्षातून उतरले, काकूंच्या पदरात गुंडाळलेला गुंड्या. पांढरा, केसाळ, सहा किलोच्या आसपास. त्याला सगळे पॉमेरियन म्हणतात, आपल्याकडे दिसणारी अशी बहुतेक पांढरी कुत्री खरं तर इंडियन स्पिट्झ असतात, असो. शेजारच्या बंगल्यातलं मोठं कुत्रं, तीस पस्तीस किलोचं असेल, गेट उघडं राहिलं म्हणून बाहेर आलं आणि फिरायला निघालेल्या गुंड्याला पाठीवर धरून झटकलं. काकू सोडवायला मध्ये पडल्या, त्यांच्याही मनगटावर दात.

काका म्हणाले, "डॉक्टर, जास्ती काय नाय, दोन भोकं पडल्यात बरगडीवर. हिनं हळद दाबलीय, रक्त थांबलंय. दोन टाके मारा की झालं."

खरंच दोनच भोकं दिसत होती, डाव्या बरगडीवर, चार पाच मिलिमीटरची, हळदीने पिवळी झालेली. पण हिरडी पांढरट, दाबून सोडल्यावर रंग यायला तीन सेकंदांच्या वर (दोनच्या आत यायला पाहिजे), ठोके 180 च्या पुढे, टेंपरेचर 98. कुत्र्याचं नॉर्मल 101 ते 102 च्या घरात असतं, म्हणजे अंग गार पडत चाललेलं, हा शॉक. आणि श्वास उथळ, भराभर, मान पुढे ताणून, कोपर अंगापासून लांब धरून घेत होता. असं कुत्रं आडवं पडायला तयार होत नाही, पाडायचंही नसतं, त्याला बसू द्यायचं.

जखमेच्या बाजूला नुसता हात फिरवला तर कातडीखाली बोटांना चुरचुर लागली. कातडीखाली हवा शिरली की अशी लागते, आणि बरगडीवर चावा असला की ती हवा छातीतून आलेली असू शकते. काकांना म्हटलं, "काका, टाक्याचं नंतर बघू, आत्ता ह्याला श्वास मिळाला पाहिजे." काका एकदम गप्प झाले.

मोठं कुत्रं लहान कुत्र्याला नुसतं चावत नाही, तोंडात धरून झटकतं. कुत्र्याची कातडी उशीच्या अभ्र्यासारखी सैल असते, सुळा आत रुतला की कातडी त्याच्याबरोबर सरकत राहते आणि फाटत नाही, पण खालचं मांस जागचं हलू शकत नाही, ते टराटरा फाटतं, चिरडतं, रक्तवाहिन्या तुटतात. सुळा निघाला की कातडी परत जागेवर येते आणि वरून बघणाऱ्याला दोन भोकं दिसतात. म्हणून असल्या भोकाला वरून टाका मारून मोकळं होणं हा सगळ्यात वाईट उपाय आहे, तोंडातले जंतू, माती, केस सगळं आत बंद करून ठेवल्यासारखं होतं आणि दोन तीन दिवसांत आत पू.

असिस्टंटने ऑक्सिजनचा मास्क धरला, मी पुढच्या पायाला सलाईन लावली, गरम पाण्याच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून बाजूला ठेवल्या, दुखणं कमी करणारं इंजेक्शन दिलं. मेलॉक्सिकॅम हे दुखण्यावरचं नेहमीचं औषध मुद्दाम नाही दिलं, शॉकमध्ये किडनीला आधीच रक्त कमी मिळत असतं, त्यात ते दिलं तर किडनीवर येतं, ते रक्तदाब सुधारल्यावर. (घरी माणसांची आयबुप्रोफेनची गोळी देणारे लोक आहेत म्हणून सांगतो, कुत्र्याला ती कधीच देऊ नका, पोटात अल्सर होतात, किडनी जाते.) भोकांवर मलम लावलेला निर्जंतुक गॉज दाबून बसवला, बाहेरून आणखी हवा आत ओढली जाऊ नये म्हणून.

स्टेथोस्कोप लावला तर डाव्या बाजूला वरच्या भागात श्वासाचा आवाज जवळजवळ नाहीच. छातीत हवा भरून फुफ्फुस दाबलं गेलं होतं. एक्स-रेला टेबलावर आडवा घालण्याइतका वेळ नव्हता, आधी हवा काढणं भाग होतं. स्कॅल्प व्हेनची बारीक सुई (मागे बारीक नळी असलेली), थ्री-वे म्हणजे तीन तोंडांची तोटी, वीस एमएलची सिरिंज. सातव्या आणि आठव्या बरगडीच्या मध्ये, मागच्या बरगडीच्या पुढच्या कडेला लागून सुई घालायची, कारण प्रत्येक बरगडीच्या मागच्या कडेने रक्तवाहिनी आणि नस जाते. सुई आत गेली आणि सिरिंजचा दांडा काही जोर न लावता मागे यायला लागला. भरली, सोडली, परत भरली. दीडशे एमएलच्या वर हवा निघाली असेल. आणि मग गुंड्याने एक मोठा श्वास घेतला, पोटापर्यंत, डोळे अर्धे मिटले आणि हनुवटी असिस्टंटच्या हातावर टेकवली. इतकी वर्षं हे काम करतोय तरी तो श्वास बघितला की माझ्या अंगावर काटा येतो.

तेवढ्यात काकूंच्या हाताकडे लक्ष गेलं. पदराने दाबून बसल्या होत्या, म्हणे, "माझं राहू द्या, ह्याचं बघा आधी." त्यांना बेसिनपाशी नेऊन नळाच्या धारेखाली साबणाने पंधरा मिनिटं हात धुवायला लावला, घड्याळ लावून. वर पोव्हिडोन आयोडीन. आणि काकांना सांगितलं, आत्ताच्या आत्ता सिव्हिलला. काकू म्हणाल्या, "आवो, आमच्या गुंड्याचाच दात लागला आसंल, त्याला सगळी इंजेक्शनं दिल्यात." असेलही, पण त्या झटापटीत कुणाचा दात कुणाला लागला कोण सांगणार, आणि त्या दुसऱ्या कुत्र्याचं लसीचं कार्ड कुणी बघितलेलं नाही. रक्त येईल असा चावा म्हणजे तिसऱ्या कॅटेगरीतला, त्यात लसीबरोबर जखमेच्या आत आणि भोवती सिरमही (रेबीजविरुद्धच्या तयार अँटीबॉडीज) द्यावं लागतं. रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, त्यामुळे इथे मी कुणाचं ऐकत नाही. काकू रडत रडत गेल्या, पण गेल्या. लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, पुढचे डोसही त्यांनी न चुकवता घेतले. गुंड्याची लस चालू होती तरी त्यालाही चाव्यानंतरचे बूस्टर दिले.

रात्री जरा स्थिर झाल्यावर एक्स-रे काढला, दोन बरगड्या मोडलेल्या. ट्रिमरने केस काढले आणि काका "आई गं" म्हणून मागे सरकले. पाठीपासून पोटापर्यंत सगळी कातडी जांभळी, आणि केसांखाली लपलेली आणखी भोकं, एक थेट काखेत. रात्री मध्ये एकदा परत हवा काढावी लागली. मी आणि असिस्टंट आळीपाळीने बसलो.

सकाळी शिरवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात मला सर्जरी शिकवलेल्या सरांना फोन केला, एक्स-रे पाठवला, त्यांच्याशी बोलून मग ऑपरेशनला घेतला. भूल, घशात नळी, अँबू बॅग असिस्टंटच्या हातात. छाती उघडी असली की कुत्र्याला स्वतःचा श्वास घेता येत नाही, प्रत्येक श्वास बॅग दाबून द्यावा लागतो, आणि माझा हा असिस्टंट, बारावी झालेला पोरगा, एक श्वास चुकवत नव्हता. दोन भोकं जोडून कातडी उघडली तर खाली दोन बोटं आडवी राहतील एवढी पोकळी, काळपट चिरडलेलं मांस आणि त्यात पांढऱ्या केसांचा अख्खा पुंजका, मातीसकट, सुळ्याबरोबर आत ढकललेला. मेलेलं मांस कापून काढलं, कोमट सलाईनने धुतलं, परत धुतलं. तळाला दोन बरगड्यांमधला स्नायू फाटून फट पडलेली आणि त्या फटीतून, असिस्टंट बॅग दाबेल तसतसं, गुलाबी फुफ्फुस वर येताना दिसत होतं. फुफ्फुसाला नशिबाने मोठी चीर नव्हती. बरगड्यांना बाहेरून वळसा घालून टाके घेतले, फट मिटवली, वरून पाठीचा रुंद स्नायू ओढून झाकला. शेवटचा टाका आवळताना असिस्टंटला बॅग दाबून धरायला सांगितली, म्हणजे फुफ्फुस पूर्ण फुगून आतली हवा बाहेर पडते, मग सुईने राहिलेली हवा काढली. कातडी मात्र सगळी बंद केली नाही, निर्जंतुक ग्लोव्हची पट्टी ड्रेन म्हणून ठेवली, तिचं खालचं तोंड मोकळं, घाण पाणी उताराने बाहेर यायला.

संध्याकाळी काकूंच्या हातून चार घास दहीभात खाल्ला.

लोकांना वाटतं ऑपरेशन झालं म्हणजे सुटलो, पण चाव्याच्या जखमेत चौथा पाचवा दिवस मला जास्त काळजीचा वाटतो, आणि ते मी आधीच सांगून ठेवलं होतं. ड्रेन काढला आणि त्याच सुमारास पाठीवरची तळहाताएवढी कातडी आधी गार, मग काळी, मग चामड्यासारखी कडक झाली. खालून येणारा रक्तपुरवठाच तुटलेला असतो, कातडी मेलीय हे कळायला तेवढे दिवस लागतात. काकांना वाटलं गँगरीन झालं, आता काही खरं नाही. ती मेलेली कातडी कापून काढली आणि जखम उघडीच ठेवून रोज ड्रेसिंग, सुरुवातीला मधाचं, मध पाणी ओढून घेतो आणि त्यात जंतू वाढत नाहीत. पावसाळ्यात माश्या बसून अळ्या पडायची भीती, म्हणून ड्रेसिंग उघडं राहू द्यायचं नाही, आणि जखम चाटू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचा कोन चोवीस तास. हळूहळू तळाला लालबुंद दाणेदार मांस भरत आलं, कडेने गुलाबी कातडी आत सरकत आली. रोज बघणाऱ्याला ते कळत नाही, म्हणून मी काकांना रोज मोबाईलवर फोटो काढायला सांगितले होते, धीर सुटला की मागचे फोटो बघायचे.

जखम भरत आली तसं दुसरंच सुरू झालं. गुंड्या गेटच्या बाहेर पाय टाकेना. दोरी काढली की कॉटखाली. घरातच लघवी. लांबून कुत्रं भुंकलं तरी थरथर, आणि एक दिवस उचलताना काकांनाच दात दाखवले, काका फार दुखावले त्याने. मला म्हणाले, "मी ह्याला महिन्याचा आणलाय, माझ्यावर गुरगुरतोय." काखेत हात घालून उचलायची त्यांची सवय, आणि मोडलेल्या बरगड्या तिथेच, त्या जुळून यायला चार ते सहा आठवडे लागतात. आधी दुखणं संपवलं, उचलायची पद्धत बदलली, एक हात छातीखाली पुढच्या पायांच्या मधून, एक मागच्या पायांखाली. गुरगुर तिथेच थांबली. गुरगुरल्यावर कुत्र्याला मारू नका हो, ते बिचारं चावायच्या आधी सांगत असतं.

भीतीचं मात्र औषधाने पटकन होत नाही. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की ओढत न्या त्याच गल्लीतून, भीती मोडेल. मी हात जोडले. गळपट्टा काढून जखमेला न घासणारा सैल हार्नेस घेतला, फिरायची वेळ बदलली, पहाटे, रस्ता रिकामा असताना, आणि पहिले काही दिवस गेटपर्यंतच, बसला तर बसू दे. खिशात उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे. कुत्रं इतकं लांब दिसलं पाहिजे की गुंड्या बघेल पण थरथरणार नाही, दिसलं की तुकडा, दिसेनासं झालं की तुकडा बंद. अंतर रोज कमी करायचं नाही, गुंड्या देईल तेवढंच कमी करायचं. काकांनी हे इतक्या मनापासून केलं की मला त्यांचं फार कौतुक वाटतं, सत्तरीचा माणूस पहाटे अंधारात, एका हातात छत्री, खिशात चिकन.

नंतर आमच्या क्लिनिकच्या राणीची मदत घेतली. राणी गावठी, म्हातारी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी राणीला घेऊन रस्त्याच्या एका कडेने, काका गुंड्याला घेऊन दुसऱ्या कडेने, एकाच दिशेने चालायचं, समोरासमोर आणायचं नाही. सुरुवातीला तो तिच्याकडे बघायचा पण नाही. मग एकदा राणी एका खांबाला वास घेऊन पुढे गेली आणि गुंड्या काकांना ओढत रस्ता ओलांडून त्या खांबापाशी गेला, बराच वेळ हुंगत बसला आणि मग पाय वर करून मोकळा झाला. काका तिथूनच ओरडले, "डॉक्टर, केली बघा!"

त्या बंगल्यावाल्यांशी आधी भांडण झालं होतं, पण ते स्वतः त्यांचं कुत्रं घेऊन आले. रेबीजची लक्षणं दिसतात का म्हणून चाव्यानंतर दहा दिवस त्याच्यावर लक्ष ठेवायला सांगितलं होतं, ते त्यांनी केलं, कुत्रं ठणठणीत राहिलं, मग त्याची लस झाली, गेटला आपोआप बसणारी कडी लागली, आणि गुंड्याच्या बिलातले अर्धे पैसे त्यांनी आपणहून दिले. ते कुत्रं वाईट आहे असं मी म्हणणार नाही, ते दिवसभर साखळीला असायचं आणि त्या दिवशी सुटलं.

गुंड्याच्या पाठीवर आता हातभर लांबून दिसेल असा केस न आलेला पट्टा आहे, तिथे केस येणार नाहीत. त्या बंगल्यासमोरून तो अजून जात नाही, काका पलीकडच्या रस्त्याने नेतात आणि मी त्यांना तेच चालू ठेवा म्हटलंय, प्रत्येक भीती घालवलीच पाहिजे असं काही नाही. परवा वर्षाच्या लसीला आला होता, टेबलावर वजन केलं तर सात किलो दोनशे, चिकनचे तुकडे अंगी लागलेत, काकूंना भात निम्मा करायला सांगितलाय.